तुरीच्या दाण्यावरचा गुरुवार

माझ्या वायरलेस सेटमध्ये खास माझ्यासाठी म्हणून जी पहिली सुधारणा झाली ती अशी, की सरांनी आतला दिवा काढून मोठा लावला. "भाभी, आता बघा आकडे कसे झकास दिसतात," असं ते म्हणाले. लहानपणी आलेल्या एका तापापासून मी ठार आंधळी आहे आणि ही गोष्ट सरांना काही नवी नव्हती. मी सेटवर हात ठेवून विचारलं, कुठं?  मग सरांनी घसा खाकरला आणि चहा आहे का म्हणून विचारलं.

माणूस हुशार होता, त्यात शंका नाही. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्यांच्या घराण्याचं पिढ्यान्पिढ्या घड्याळ दुरुस्तीचं दुकान. वाडवडिलांनी घड्याळं दुरुस्त केली आणि यांनी फिजिक्सचे क्लास काढले. लातुरात तेव्हा क्लासचं पीक असं आलं होतं, की ज्याच्या दारात पत्र्याची एक शेड उभी करण्याइतकी जागा तो सर. परभणी, बीड, कुठून कुठून पोरं यायची, गल्लीतल्या प्रत्येक घरात एक खोली कॉट टाकून भाड्यानं दिलेली असायची, आणि भिंतीचा एक वीतभर तुकडा पोस्टरशिवाय सापडायचा नाही. सरांची शेड आमच्या भिंतीला भिंत लावून होती. पहाटेपासून त्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. न्यूटनचे तिन्ही नियम माझ्या सासूबाईंना तोंडपाठ झाले होते. दूध उतू गेलं की त्या म्हणायच्या, "क्रियेला प्रतिक्रिया व्हायचीच."

या सरांना हॅम रेडिओचा नाद. सरकारकडून परवाना घ्यायचा, घरी सेट बांधायचा, छपरावर तार ताणायची आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या खुळ्यांशी बोलायचं. मला तो नाद लागला तो भूकंपामुळे.

मी एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते. जुना बोर्ड होता. फोन आला की एक पत्र्याची झाकणी खट् करून पडायची आणि कुठली पडली ते मला आवाजावरून कळायचं. भूकंप झाला त्या दिवशी सकाळी मी बोर्डावर जाऊन बसले तर एकही झाकणी पडेना. आख्खा दिवस मी हातावर हात ठेवून बसले. सगळ्या मुलखाला कुणाला तरी काहीतरी सांगायचं होतं, आणि ज्या बाईचं कामच ते पोचवायचं, ती मुक्यासारखी बसलेली. पुढच्या दिवसांत बाहेरगावाहून काही माणसं आली आणि त्यांनी कचेरीच्या आवारातल्या लिंबाखाली एक सेट मांडला. खिडकीतून मला सगळं ऐकू यायचं. एक माणूस न थकता गावांची नावं सांगत होता, कुठं ताडपत्री हवी, कुठं इंजेक्शनं, कुठं नुसतं रॉकेल. पलीकडून कुणीतरी तेच शब्द परत म्हणून दाखवायचं. मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त हेवा वाटला. जे काम माझ्या बोर्डानं करायला हवं होतं ते लिंबाखालची एक पेटी करत होती. मला ती पेटी चालवायची होती, आणि ती एकटीनं चालवायची होती.

परीक्षेचं फार सांगत नाही. बाकीचे उमेदवार मोर्स ऐकून कागदावर उतरवताना घामाघूम झाले होते. मला तो वेग इतका संथ वाटला की दोन अक्षरांच्या मध्ये डुलकी लागेल की काय अशी भीती होती. परवाना आला, सरांनी सेट बांधून दिला, आणि मग दिव्याचा तो प्रकार झाला.

अडचण साधी होती. सेटच्या तोंडावर ॲल्युमिनियमची एक अर्धगोल तबकडी, तिच्यावर आकडे, वर काच आणि काचेच्या आत काटा. बटण फिरवलं की काटा सरकतो आणि आपण कुठल्या जागेवर, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहोत ते कळतं. डोळसांना कळतं. मला फक्त काच कळायची. सरांनी चहा संपवला आणि कागदावर काहीतरी काढत बसले. आकड्यागणिक वेगळी घंटी वाजेल अशी एक योजना त्यांच्या मनात होती, तिला म्हणे पन्नासेक तारा लागणार होत्या. मी म्हटलं, सर, आधी ती काच काढा.

काच निघाली. काटा बारीक होता, बोट लागलं की वाकायचा. सरांनी त्याच्या जागी सायकलच्या चाकाची तार कापून बसवली. आता तारेचं टोक चाचपता येत होतं, पण तबकडी गुळगुळीत. तिच्यावर खुणा कशाच्या करायच्या यावर आमच्या ओसरीत मोठी सभा भरली. सर, मी, माझा नवरा आणि आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, माहेर देवणीकडचं, बोलणं रोखठोक. मांडीवर सूप घेऊन तूर निवडत बसल्या होत्या. नवऱ्याचं मत होतं की खिळे ठोकावेत. सर म्हणाले तबकडीमागे सगळी तारांची गुंतागुंत आहे, खिळा आत गेला तर भाभींना झटका बसेल. आत्यांनी सुपातला एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे चिटकव की. आंधळ्याला बी कळतं ही तूर हाय का हरभरा हाय."

डाळीच्या गिरण्यांच्या या गावात एवढी मोठी तांत्रिक अडचण दुसऱ्या कशानं सुटणार होती? दर दहा किलोहर्ट्झला ज्वारीचा एक दाणा. आम्हाला बोलायची मुभा जिथं संपते त्या दोन्ही टोकांना हरभऱ्याची डाळ, म्हणजे याच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. आणि आमची मंडळी रोज जिथं जमायची त्या जागेवर तुरीचा एक ठसठशीत दाणा. सरांनी पोस्टरं चिकटवायच्या बादलीतली खळ आणली. तिच्यात मोरचूद घातलेलं होतं, त्यामुळे किडामुंगी लागणार नव्हती. सेटमधून बाहेर जाणारा जोर दाखवायला आणखी एक काटा होता, त्याला सरांनी एक लहानसा भुंगा, म्हणजे बझर, जोडला. जोर वाढला की भुंग्याचा सूर चढायचा. मी सेट लावायला लागले की शेजारीण भिंतीवरून विचारायची, तुमचं मांजर व्यालं का.

तर सेट तयार झाला. आता नांदेडच्या काकांचं सांगते.

आमची मंडळी म्हणजे नांदेड, लातूर, परभणी, हदगाव, देगलूर इथले परवानेवाले. भूकंपानंतर या काकांनी रोज संध्याकाळी सातची हजेरी सुरू केली होती. सगळ्यांनी ठरल्या जागेवर यायचं, एकानं हजेरी घ्यायची, बाकीच्यांनी आपापलं नाव आणि हवापाणी सांगायचं. उद्या पुन्हा तसा दिवस उगवला तर कुणी कुणाला शोधत बसायला नको, हा त्यामागचा विचार. आणि तो बरोबरच होता. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, एकटेच राहायचे, आणि नियमाला असे पक्के की स्वतःच्या शिंकेचीही परवानगी घेतील. प्रत्येक वार एकेकाला वाटून दिलेला, त्या वारी हजेरी घेणारा तोच. गुरुवार रिकामा होता. किनवटकडचे एक मास्तर बदलून गेले होते आणि तो तसाच पडला होता.

मी गुरुवार मागितला.

काकांनी नाही म्हटलं नाही. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. ते म्हणाले, बाई, तुमचा आवाज चांगला, शिस्त चांगली, पण हजेरी घेणाऱ्याचा काटा हलला तर सगळ्यांचा हलतो. मागं एकजण असाच भरकटत हद्दीबाहेर गेला आणि वरून विचारणा झाली होती. तेव्हा शेजारी एक डोळस माणूस बसवा आणि घ्या गुरुवार. मी दाण्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डाळ ठीक हाय. पण जिम्मेदारी डाळीवर टाकता येत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभर मी हजारो माणसांचे फोन जोडून दिले, कुणाचा जावयाला लागायचा तो सासऱ्याला लावला नाही, आणि आता एका दाण्यापुढे माझ्यावर पहारा. पण गुरुवार हवा होता. डोळस माणूस कुठून आणायचा? सर सात वाजता बॅचवर असायचे, नवरा दुकानावर. उरल्या आत्या. त्यांना दिसत होतं, संध्याकाळी त्या रिकाम्या होत्या आणि सूप कुठंही घेऊन बसता येतं.

असा आमचा गुरुवार सुरू झाला. सातच्या आधी मी सेट ठेवलेल्या कोनाड्याशेजारी खुर्ची ओढायची, आत्या स्टुलावर सूप घेऊन बसायच्या. मी काटा तुरीवर आणायची, मग विचारायची, "आत्या, बघा बरं." त्या पुढं वाकायच्या, बांगड्या वाजायच्या, आणि म्हणायच्या, "बरोबर हाय." की मी कळ दाबून हजेरी पुकारायची. त्यांना परवाना नव्हता म्हणून बोलायची मनाई होती. मंडळी मात्र दर गुरुवारी न चुकता म्हणायची, आईंना नमस्कार सांगा. आत्या प्रत्येकाला मान हलवून उत्तर द्यायच्या. रेडिओवर मान हलवून काय उपयोग असं मी एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुला बी दिसत न्हाई, तरी तुझ्याशी बोलताना मान हलवतेच की." 

देगलूरचे एक भाऊ होते, त्यांच्या बोलण्यात अर्ध तेलुगू. घरात तेलुगू, दुकानात मराठी, आणि सेटवर दोन्हींची खिचडी. त्यांचं हवापाणी ऐकायला मजा यायची. काकांना मात्र माझ्या गुरुवाराचं फार कौतुक. इतर वारी कुणी ना कुणी थोडं अलीकडं पलीकडं असायचं, आणि काका सगळ्यांसमोर सांगायचे, "गुरुवार बघा. काट्यावर काटा. शेजारी डोळस माणूस असल्यावर असं असतं." मी दात खाऊन धन्यवाद म्हणायची. काटा मी लावायचा, बोट माझं, कान माझे, आणि श्रेय आत्यांच्या डोळ्यांना. एवढं सोडलं तर दिवस सुखाचे होते. हां, आमटीत खडे मात्र फार यायला लागले होते. नवरा जेवता जेवता कटकन दाताखाली खडा आला की डाळीच्या व्यापाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. आत्या म्हणायच्या, हल्ली तूरच तसली येती.

मग वेळअमावस्या आली, आणि ती नेमकी गुरुवारी आली.

वेळअमावस्येला लातुरात माणूस राहत नाही. दुकानं बंद, कचेऱ्या ओस, क्लासवाल्यांच्या शेडला सुद्धा कुलूप. ज्याचं शेत आहे तो शेतात आणि ज्याचं नाही तो दुसऱ्याच्या शेतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पूजा करायची, रानभर आंबील शिंपडायची आणि मग भज्जी, उंडे, खिचडा, आंबील असं जेवायचं की परत येताना बैलगाडीनंही कुरकुरावं. आदल्या दिवशी आत्या घरभर ज्वारीच्या पिठाचे हात घेऊन हिंडत होत्या. ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबील आंबायला ठेवली होती, भज्जीसाठी पालेभाज्या निवडायच्या होत्या, आणि कुणालाही स्वयंपाकघरात पाऊल टाकायची सोय नव्हती.

दिवस फार छान गेला. आत्यांनी मला कोपीत बसवून तीन वेळा वाढलं. सर आले होते, त्यांनी चार वेळा वाढून घेतलं आणि उरलेला वेळ झाडाखाली झोपून काढला. उजेड उतरल्यावर मी घाई केली, सात वाजता हजेरी होती. नवऱ्यानं आम्हाला दारात सोडलं आणि तो डबे परत करायला गेला. आम्ही दोघी पाय धुऊन सेटपाशी बसलो. बोटं थंडीनं आखडली होती, पोट तट्ट भरलेलं, आणि डोक्यात अजून शेतातला वारा. मी तबकडी चाचपली, ठसठशीत दाणा लागला, त्यावर तार आणून ठेवली.

"आत्या, बघा बरं."

बांगड्या वाजल्या. "बरोबर हाय."

मी हजेरी पुकारली. उत्तराला देगलूरचे भाऊ आले, म्हणजे मला तसं वाटलं. आज अगदी शुद्ध तेलुगू बोलत होते. मी मनात म्हटलं, सणाचं जेवण, माणूस खुशीत आहे. मग दुसरा आवाज आला, तोही तेलुगू. मग तिसरा. आता मला राग यायला लागला. हजेरी म्हणजे हजेरी, ती काही भावाच्या पाहुण्यांची बैठक नव्हे. मी खास टेलिफोन ऑपरेटरच्या आवाजात, पाहुण्यांनाही कळावं म्हणून इंग्रजीत, सुनावलं की एका वेळी एकानं बोलावं, आधी नाव, मग गाव, मग हवा.  मग एक गृहस्थ अतिशय नम्रपणे आपलं नाव सांगून, गाव सांगून, इंग्रजीत म्हणाले की आमच्याकडे हवा चांगली आहे. त्यांच्यामागून दुसरे आले. मग तिसरे. सगळ्यांनी ओळीनं हजेरी दिली. गावं अनोळखी होती, पण भावांचे पाहुणे तिकडचेच असणार. मला शिस्तीचा असा आनंद कधी झाला नव्हता. फक्त काका का येत नाहीत ते कळेना. मी दोनदा त्यांना पुकारलं आणि वर सगळ्यांसमोर म्हणाले, वेळेचं एवढं सांगणारे आज स्वतःच उशिरा.

तेवढ्यात घरातला फोन वाजला. मी सेटची कळ सोडून फोन घेतला. काका होते.

"बाई, तुम्ही कुठं बोलून राहिले? आम्ही सगळे इथं बसलोय. हजेरी कोण घेऊन राहिलंय?"

मी म्हटलं, मी जागेवरच आहे, उलट तुम्हीच दिसत नाही. काका म्हणाले की इथं देगलूरचे भाऊ आहेत, हदगाव आहे, परभणी आहे, फक्त गुरुवार नाही.  देगलूरचे भाऊ तिथं असतील तर माझ्याकडे ते कोण होते?

काकांना आठवलं. "शेजारी डोळस कुणी नाही काय आज?"

"आत्या आहेत."

"मग त्यांनाच फोन द्या. काटा कुठल्या आकड्यावर हाय ते वाचून दाखवा म्हणावं. खाली आकडे तर हायेतच की."

मी फोन पुढं धरला. आत्यांनी घेतला.  काकांचा हॅलो हॅलो मला बाजूला बसून ऐकू येत होता. मला वाटलं इंग्रजी आकड्यांमुळे अडल्या असतील, पण फोनचे आकडे त्यांना येत होते. बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या.

"मला दिसत न्हाई," आत्या म्हणाल्या. "लई दिस झाले. समदं धुरावानी हाय."

त्या एका वाक्यासरशी माझ्या डोक्यात महिनोन्महिन्यांचे खडे एकामागून एक पडले. आमटीतले खडे, दारात आलेल्या माणसाला "कोण हाय रे" विचारणं, ज्या भिंतीवर हात न ठेवता त्या पूर्वी चालायच्या त्या भिंतीवर आता घासत जाणारी बोटं. हे सगळं मी ऐकत होते. डोळे कसे जातात ते या घरात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि माझ्याच शेजारी बसून त्या गुरुवारामागून गुरुवार डोळस माणसाची नोकरी करत होत्या.

फोनवर काका गोंधळले. मग म्हणाले, "मग इतके दिवस काटा बघत कोण होतं?"

"ही बघती बोटानं. मग मी बघते." आत्या थांबल्या. "मी बी बोटानंच."

मी विचारलं, माझ्या आवाजात राग होता आणि तो लपवायचं मला कारण दिसलं नाही, की आत्या, घरात सांगितलं का नाही? दवाखाना गावात आहे, ऑपरेशन करून घेतलं असतं. त्या फोन तसाच कानाला धरून माझ्याकडे वळल्या.

"म्हणलं असतं तर तुजा गुरुवार गेला असता."

 सेटमध्ये तेलुगू मंडळी नम्रपणे पुढच्या सूचनेची वाट बघत होती.  एक डोळस माणूस पाहिजे म्हणून ज्या काकांनी अट घातली होती, त्यांच्या सगळ्या मुलखात काट्यावर काटा ठेवणारा वार दोन न दिसणाऱ्या बायका चालवत होत्या, एवढं त्यांच्या हिशेबात बसायला वेळ लागला.

तोवर माझा हात तबकडीवर गेला होता. आता सावकाश चाचपलं. ज्वारीचे निम्मे दाणे गायब. टोकाची एक हरभऱ्याची डाळ कुरतडलेली. आणि ज्याला मी तूर समजले होते तो दाणा नव्हताच, नखानं त्याचं पीठ झालं. जिभेला लावलं तर आंबट लागलं.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही, आत्यांनीच सांगितलं. तुरीचा दाणा सैल झाला होता आणि आदल्या दिवशी सेट पुसताना आत्यांच्या बोटाला ते कळलं होतं. मोरचुदाची खळ आणायला सरांकडे जायचं तर सर विचारणार, दाखवा कुठं सैल झालंय. म्हणून त्यांनी गुपचूप हाताशी असलेल्या आंबिलीतला दाटसा गोळा घेऊन चाचपत चाचपत तूर पुन्हा बसवली, आणि लागल्या हातानं ज्वारीचे दाणेही थापून पक्के केले. आंबिलीचा एक ओघळ खाली उतरून भलत्याच जागी वाळला. आम्ही दिवसभर शेतात जेवलो आणि उंदरानं घरात वेळअमावस्या केली. तूर त्यानं नेली, ओघळ तेवढा ठेवला. माझ्या बोटाला तो तूर वाटला आणि आत्यांच्या बोटालाही.

मी फोन परत घेतला आणि काकांना सगळं सांगितलं. उंदरासकट. काही झाकलं नाही, आणि शेवटी म्हटलं की आता गुरुवार काढून घ्यायचा असेल तर घ्या.

काकांनी मोठा श्वास घेतला. मला वाटलं, आता नियम येणार.

"चूक उंदराची हाय," काका म्हणाले. "डोळस माणसाचं राहू द्या आता. मांजर पाळा."

मग ते हळू आवाजात म्हणाले की आईंना दवाखान्यात लवकर न्या, हयगय करू नका, आणि आधी त्या तेलुगू लोकांचा निरोप घ्या, बिचारे खोळंबलेत. मी सेटवर परत गेले, सगळ्यांची माफी मागितली. त्यातले एक म्हणाले की अजिबात नाही, इतकी शिस्तीची हजेरी आमच्याकडे कधी झाली नव्हती, पुढच्या गुरुवारी पण याल का.

पुढं सरांनी तबकडी काढून नेली आणि दाण्यांच्या जागी पितळेचे ठिपके रिव्हेट मारून बसवून आणले. ज्वारीएवढे बारीक, हरभऱ्याएवढे चपटे, आणि एक तुरीएवढा. उंदरानं एकदा प्रयत्न करून बघितला असावा, कारण पुन्हा आला नाही. मांजर पाळावं लागलं नाही. भुंग्यामुळे शेजारणीला मात्र ते कायमच आमच्याकडे आहे असं वाटत राहिलं.

आत्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नेताना त्या जिन्यावर अडल्या तेव्हा मी त्यांचा हात धरून पायऱ्या सांगत गेले, आणि मागून चाललेला माझा नवरा म्हणाला की ही वरात बघण्यासारखी आहे. हिरवी पट्टी निघाली, चष्मा आला, आमटीतले खडे गेले. त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी मी एकटीच सेटपाशी बसले. आता कुणी शेजारी असायची गरज नव्हती, जे मला हवं होतं ते मिळालं होतं. मी खुर्ची ओढली आणि सवयीनं हात बाजूला गेला तर स्टूल रिकामं. ते मला अजिबात आवडलं नाही. मी हाक मारली, "आत्या, सूप घेऊन या."

त्या आल्या. पहिल्यांदाच त्यांनी तो सेट नीट बघितला. "असला दिसतो होय," त्या निराश होऊन म्हणाल्या. "मी लई भारी समजत होते." मग चष्मा सारखा करून त्या तबकडीवर वाकल्या. मी काटा तुरीवर आणला होता. आत्या बाजूनं बघत होत्या, आणि काटा बाजूनं बघितला की तो नेहमीच जरा सरकल्यासारखा दिसतो, हे सरांनी मला नंतर सांगितलं.

"सूनबाई, जरा अलीकडं हाय."

"आत्या, बोटानं बघा."

बांगड्या वाजल्या. त्यांनी तारेच्या टोकावर बोट ठेवलं, ठिपक्यावर ठेवलं, पुन्हा तारेवर ठेवलं. बाहेर शेडमध्ये सर कुणाला तरी प्रतिक्रियेचा नियम समजावत होते.

"बरोबर हाय," आत्या म्हणाल्या, आणि मी कळ दाबली.